नाव आपलं, वही दुसऱ्याची

बेंगळुरूच्या चामराजपेटेतून बोलतोय.

मागच्या भागात आपण शहाजीराजांची बेंगळुरूची जहागीर पाहिली. या वेळी टिपूच्या उन्हाळी महालाकडे जायचं असं मी कबूल केलं होतं. तो महाल सव्वादोनशे वर्षांहून जास्त उभा आहे, आणखी एक आठवडा उभा राहील. मधल्या काळात आमच्या गल्लीत एक लढाई झाली, आणि निवृत्त माणसाला लढाईचं बोलावणं आलं की तो नाही म्हणत नाही. ही लढाई जमिनीची नव्हती, नावाची होती. इंटरनेटवरच्या नावाची. आणि तिच्या मागे जो इतिहास आहे तो मला इतका ओळखीचा वाटला की आजचा भाग त्यावरच करायचा ठरवलं.

आमच्या घरापासून चार दारं सोडून उदबत्तीचा कारखाना आहे. बेंगळुरूत उदबत्ती म्हणजे काय हे मी सांगायला नको, अर्ध्या भारताच्या देवघरात या शहराचा वास असतो. कुटुंब भावसार समाजाचं, मूळचे रंगारी. किती पिढ्यांपूर्वी इकडे आले ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. घरात मराठी बोलतात, पण कानडी हेल असलेली आणि मधूनच कानडी क्रियापद टाकलेली. सध्या धंदा पाहणारे गृहस्थ माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी ते आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "सर, तुम्ही सिग्नल्समध्ये होता ना? आमचं नाव गेलंय."

मी आयुष्यभर रेडिओ सेट आणि केबल यांत रमलेला माणूस. वेबसाइट ही माझ्या मुलीच्या पिढीची गोष्ट. पण नाव गेलंय म्हटल्यावर कान टवकारले.

प्रकार असा. २०१० साली त्यांनी ओळखीतल्या एका मुलाकडून वेबसाइट करून घेतली. घराण्याचं नाव आणि पुढे डॉट कॉम. ते नाव त्या मुलानेच एका कंपनीकडून घेऊन दिलं. दर वर्षी त्या कंपनीचं बिल यायचं, पैसे भरायचे, विषय संपला. या वर्षीही पैसे भरले. आठवड्याभराने वेबसाइट उघडली तर तिथे भलत्याच जाहिराती. ईमेल परत जाऊ लागले. कंपनीच्या फोनवर घंटा वाजत राहायची, कुणी उचलायचं नाही. पत्राला उत्तर नाही. आणि मोठी चिंता पुढेच होती. दसरा-दिवाळीच्या मागण्या याच दिवसांत येतात. आखातातले आणि दक्षिण आफ्रिकेतले त्यांचे जुने व्यापारी ईमेलवरच मागणी पाठवतात, आणि त्यांच्या लेखी कारखान्याचा पत्ता म्हणजे ते ईमेल. कारखान्यात त्या दिवशी चाळीस बायका काम करत होत्या.

त्या कंपनीचं नाव मी इथे घेणार नाही. आपला हा कार्यक्रम म्हणजे न्यायालय नव्हे.

पुढचा इतिहास कळण्यासाठी एक गोष्ट आधी समजून घेऊ. इंटरनेटवरचं नाव आपण "विकत घेतलं" असं म्हणतो, पण ते विकत मिळत नाही. ठरावीक वर्षांसाठी एका वहीत आपल्या नावाची नोंद होते, इतकंच. गावाकडच्या सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. डॉट कॉमची मूळ वही एकच आणि ती सांभाळणारी संस्था एकच, तिला रजिस्ट्री म्हणतात. डॉट कॉमची वही आज अमेरिकेतल्या व्हेरिसाइन कंपनीकडे आहे. आपण थेट तिथे जाऊ शकत नाही. तिच्या खाली रजिस्ट्रार, म्हणजे आपले तलाठी समजा. नोंद लावायची, बदलायची, पुढे चालू ठेवायची ती त्यांच्या हातून. आणि तलाठ्याच्या ओट्यावर बसलेले लिहून देणारे असतात ना, तसे रजिस्ट्रारच्या खाली पुनर्विक्रेते असतात. आमच्या शेजाऱ्यांचे पैसे बारा-तेरा वर्षं जात होते ते या ओट्यावरच्या माणसाकडे. त्याच्या वर कोण तलाठी आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. सातबाऱ्यावर नाव असलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही हे आपल्याकडे वकील लोक सांगतात. इथे तर सातबाऱ्यावर त्यांचं नावच नव्हतं. नोंद होती वेबसाइट करणाऱ्या त्या मुलाच्या नावाने. तेही आम्हाला पुढे कळलं.

आता ही वही आली कुठून?

सुरुवातीला ती खरोखरच एक यादी होती. १९६९ पासून अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशांतून आर्पानेट नावाचं जाळं उभं राहिलं. त्यावरच्या प्रत्येक संगणकाचं नाव आणि क्रमांक एका फाइलमध्ये लिहिलेला असे. ती फाइल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाईंचा गट सांभाळायचा. नवा संगणक जोडायचा असेल तर त्यांच्या कचेरीला कळवायचं, त्या यादीत नाव घालणार, बाकी सगळ्यांनी ती यादी उतरवून घ्यायची. आम्ही सिग्नल्सवाल्यांना हे फार जवळचं वाटतं. नियंत्रण केंद्र सांकेतिक नावं वाटून देतं आणि बाकीची केंद्रं ती मुकाट्याने वापरतात. फरक एवढाच की आमच्याकडे नाव बदललं तर कुणाचा धंदा बुडत नाही.

संगणक वाढले तशी एक यादी पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आज आपण वापरतो ती विभागलेली पद्धत मांडली आणि १५ मार्च १९८५ ला सिम्बॉलिक्स या कंपनीने पहिलं डॉट कॉम नाव नोंदवलं. या सगळ्या व्यवस्थेवर देखरेख होती जॉन पोस्टेल या दाढीवाल्या, सॅंडल घालून वावरणाऱ्या संशोधकाची. नाव नोंदवायला पैसे पडत नव्हते. तंटा झालाच तर कोणाचं ऐकायचं हे ठरलेलं होतं, आधी येईल त्याला आधी. वहीचं कुणाला काही वाटत नव्हतं, कारण वहीला किंमतच नव्हती.

किंमत आली १९९५ साली. १९९३ पासून नोंदणीचं काम नेटवर्क सोल्यूशन्स या एकाच कंपनीकडे होतं. सप्टेंबर १९९५ मध्ये तिला शुल्क घ्यायची परवानगी मिळाली, दोन वर्षांचे १०० डॉलर. पाच वर्षांत वहीचं मोल किती चढावं? २००० साली व्हेरिसाइनने नेटवर्क सोल्यूशन्स घेतली तो सौदा २१ अब्ज डॉलर्सच्या घरातला होता. पोस्टेल तोवर हयात नव्हते, १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले. त्याच्या थोडंच आधी, त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, आयकॅन ही संस्था स्थापन झाली. नावांच्या या कारभारावर आज तीच देखरेख ठेवते आणि रजिस्ट्रारना परवाने देते. पुढच्याच वर्षापासून अनेक रजिस्ट्रार आले, स्पर्धा आली, नावं स्वस्त झाली. आणि तलाठी निवडायचं स्वातंत्र्य मिळालं तसा फसवा किंवा झोपाळू तलाठी वाट्याला येण्याचा धोकाही आला.

वही सांभाळणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा सगळ्यात गाजलेला खटला मात्र त्या आधीच्या, एकाच कंपनीच्या जमान्यातला. गॅरी क्रेमेन नावाच्या तरुणाने १९९४ मध्ये एक नाव फुकट नोंदवलं. तीन अक्षरांचा एकच इंग्रजी शब्द. आपला कार्यक्रम घरात लहान मुलंही ऐकतात, म्हणून तो शब्द उच्चारत नाही, पण कुठला असेल ते मोठ्यांच्या ध्यानात आलं असेल. पुढच्या वर्षी स्टीफन कोहेन या नुकत्याच तुरुंगातून सुटलेल्या भामट्याने नेटवर्क सोल्यूशन्सला एक पत्र दिलं. पत्र क्रेमेनच्या कंपनीने कोहेनला लिहिल्याचा देखावा होता. मजकूर असा की आम्ही हे नाव सोडून देत आहोत, आमच्याकडे इंटरनेटची थेट जोडणी नाही, तेव्हा तुम्हीच नोंदणी कचेरीला कळवा. आता क्रेमेनच्या कंपनीचं नाव होतं ऑनलाइन क्लासिफाइड्स. ऑनलाइन हा शब्द नावातच, आणि म्हणे जोडणी नाही! फलटणीतल्या नव्या कारकुनानेही हे पत्र बाजूला ठेवून एक फोन केला असता. नेटवर्क सोल्यूशन्सने फोन केला नाही. नोंद बदलून टाकली.

कोहेनने त्या नावावर लाखो डॉलर्स मिळवले. क्रेमेन पाच वर्षं झगडला. २००० च्या अखेरीस न्यायालयाने नाव परत दिलं, २००१ मध्ये ६.५ कोटी डॉलर्सची भरपाई ठरवली, तर कोहेन मेक्सिकोत पळून गेलेला. तेव्हा क्रेमेनने मोर्चा वही सांभाळणाऱ्याकडे वळवला. कंपनीचं म्हणणं, नाव ही वस्तू नाही, हात लावता येत नाही, मग ती आम्ही दुसऱ्याला दिली असं कसं म्हणता? शिवाय तुम्ही आम्हाला एक पैसाही दिलेला नव्हता. खालच्या न्यायालयाला हे पटलं होतं. जुलै २००३ मध्ये अपील न्यायालयाने ते उलटवलं. नाव ही मालमत्ता आहे, आणि दुसऱ्याची मालमत्ता खोट्या कागदावर तिसऱ्याला देऊन टाकणारा जबाबदारीतून सुटत नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा निकाल. तोपर्यंत चोराला शिक्षा होत होती, तलाठी मात्र नामानिराळा राहत होता.

आता आपल्याकडे येऊ.

भारताचं स्वतःचं डॉट इन हे टोपणनाव १९८९ पासूनचं. त्याची वही सुरुवातीला मुंबईत, जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संशोधन संस्थेत होती. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून. डॉट इन मिळवणं मात्र कटकटीचं काम होतं, कागदपत्रं लागत, म्हणून धंदेवाईक सगळे डॉट कॉमकडे धावले. जानेवारी २००५ मध्ये निक्सी या संस्थेच्या ताब्यात वही देऊन डॉट इन सर्वांना खुलं झालं, त्याआधी देशभरात अशी नावं काही हजारांच्या पुढे गेली नव्हती. जरा विचार करा, एवढा मोठा देश आणि एवढीशी वही.

तंटे मात्र लवकर सुरू झाले. १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याहू विरुद्ध "याहूइंडिया" आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात रेडिफ विरुद्ध "रॅडिफ". एका स्वराचा फरक. दोन्ही न्यायालयांनी मूळ नाववाल्यांची बाजू घेतली. मुंबईच्या निकालात स्पष्ट झालं की हे नाव म्हणजे नुसता टपालाचा पत्ता नव्हे, त्याच्यामागे धंद्याची पत असते.

आणि मग आमच्या बेंगळुरूचा खटला. माझ्या घरापासून शहर दिवाणी न्यायालय सकाळी लवकर निघालं तर दहा मिनिटांवर आणि नंतर निघालं तर पाऊण तासावर आहे. तिथे सत्यम इन्फोवे ही कंपनी आली. सत्यमचा "स" आणि इन्फोवेचं बाकी जुळवून त्यांनी "सिफी" हा शब्द बनवला होता आणि १९९९ मध्ये त्यावरून बरीच नावं नोंदवली होती. २००१ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने "सिफीनेट" नाव घेऊन इंटरनेटवरून विपणनाचा धंदा सुरू केला. इंग्रजीत एक "एफ" जास्त, कानाला मात्र काही फरक नाही. हा शब्द कुठून आणला, तर त्यांनी सांगितलं, आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरं जोडून.

दिवाणी न्यायालयाने मनाई हुकूम दिला. कर्नाटक उच्च न्यायालयाने तो उठवला, कारण दोघांचे धंदे वेगळे, गिऱ्हाइकांचा गोंधळ होणार नाही, आणि बंदी घातली तर नव्या कंपनीचंच जास्त नुकसान. प्रकरण दिल्लीला गेलं. ६ मे २००४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रुमा पाल आणि न्यायमूर्ती पी. वेंकटराम रेड्डी यांच्या पीठाने आमच्या दिवाणी न्यायालयाचा हुकूम पुन्हा लागू केला. आद्याक्षरांची गोष्ट त्यांना पटली नाही. त्याहून मोठं म्हणजे, देशात इंटरनेटवरच्या नावांसाठी वेगळा कायदा नाही हे मान्य करून न्यायालयाने सांगितलं की व्यापारचिन्हांना जे संरक्षण आहे ते या नावांनाही लागू होतं. दुसऱ्याचा माल आपला म्हणून खपवायचा नाही, हा जुना नियम इथेही चालेल. आज भारतात अशा तंट्यात कुठलाही वकील आधी हा निकाल काढतो. कर्नाटकात सुरू झालेला, म्हणून आम्हाला थोडा अभिमान. सत्यम समूहाचं पुढे २००९ मध्ये काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, ते वेगळं रामायण.

मी शेजाऱ्यांना हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण सर, आमचं कुणी चोरलंच नाहीये. आमच्यावर चाल कुणी केली? दावा लावायचा कुणावर?"

मुद्द्याचा प्रश्न होता. याहू, रेडिफ, सिफी, क्रेमेन, सगळीकडे समोर शत्रू आहे. इथे शत्रू नाही, फक्त वही ज्याच्याकडे आहे तो माणूस दार उघडत नाही. आणि दिवाणी दावा म्हणजे तारखा. नावाची मुदत संपल्यावर मात्र घड्याळ थांबत नाही. डॉट कॉमच्या बाबतीत मुदत संपली की रजिस्ट्रारच्या मर्जीने जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवस, मग नाव काढून टाकल्यावर सोडवून घ्यायला तीस दिवस, त्यालाही मोठा दंड, मग पाच दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि त्यानंतर जो आधी येईल त्याचं. अशी सुटलेली नावं टिपायला जगभर यंत्रं बसलेली असतात. आमचे बारा दिवस आधीच गेले होते.

दार न उघडणाऱ्या तलाठ्याचा इतिहास मात्र वेगळा आहे आणि तो न्यायालयापेक्षा करारांत जास्त घडला.

अमेरिकेत न्यू जर्सीला रजिस्टरफ्लाय नावाची स्वस्त कंपनी होती. २००६-०७ मध्ये तिच्या गिऱ्हाइकांनी पैसे भरले तरी नावं पुढे चालू राहिनात. खाती उघडेनात, फोन लागेना, मालकांचं आपसात भांडण. आयकॅनने मार्च २००७ मध्ये तिचा परवाना संपवला. पण परवाना काढला म्हणून वही हाती येते का? सुमारे साडेआठ लाख नावं त्या कंपनीच्या संगणकांवर अडकलेली. गिऱ्हाइकांच्या नोंदींची एक प्रत त्रयस्थाकडे ठेवायची, असं करारात आधीपासून लिहिलेलं होतं, पण ते अंमलात कुणी आणलंच नव्हतं. सैन्यात याला आम्ही म्हणायचो, आदेश निघाला, पाळला की नाही ते कुणी पाहिलं नाही. आणखी एक गुंता होता. आपलं नाव-पत्ता लपवायची सोय बऱ्याच गिऱ्हाइकांनी घेतली होती, त्यामुळे वहीत खऱ्या धन्याऐवजी आडोशाचंच नाव. शेवटी मे महिन्यात ती नावं गोडॅडी या मोठ्या रजिस्ट्रारकडे वळवली गेली. त्यानंतर मात्र नोंदींची प्रत ठरावीक काळाने त्रयस्थ संस्थेकडे ठेवणं खरोखर सुरू झालं आणि रजिस्ट्रारबरोबरचा करार २००९ मध्ये नव्याने घट्ट केला गेला. आपल्या नावाखाली काम करणाऱ्या पुनर्विक्रेत्याच्या वागण्यालाही रजिस्ट्रारच जबाबदार, ही गोष्ट आमच्या पुढे उपयोगी पडली.

आपल्या देशात हीच परीक्षा नेट फोर इंडिया या दिल्लीकडच्या जुन्या रजिस्ट्रारच्या वेळी झाली. कंपनी कर्जात बुडाली आणि राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. कोरोनाचं २०२० साल, सगळ्या छोट्या धंद्यांची दुकानं बंद, वेबसाइट आणि ईमेल एवढाच आधार, आणि नेमक्या त्याच वेळी हजारो गिऱ्हाइकांना नाव ना चालू ठेवता येईना ना दुसरीकडे हलवता येईना. आयकॅनने १० डिसेंबर २०२० ला करारभंगाची नोटीस दिली आणि २६ फेब्रुवारी २०२१ ला परवाना संपवत असल्याचं कळवलं. इथे एक पेच पडला. दिवाळखोरीत निघालेल्या कंपनीच्या दृष्टीने गिऱ्हाइकांच्या नोंदी हेच तर तिचं उरलेलं भांडवल, ते काढून घेतलं तर कर्ज देणाऱ्यांना काय मिळणार? म्हणून न्यायाधिकरणाने हात घातला आणि काही आठवडे प्रकरण लोंबकळलं. गिऱ्हाईक म्हणतं माझं नाव, धनको म्हणतो माझं तारण. अखेर त्या वसंतात नावं मुंबईच्या पब्लिक डोमेन रजिस्ट्रीकडे, म्हणजे पीडीआरकडे, वळवली गेली. आमच्या शेजाऱ्यांची कंपनी वेगळी, काळही वेगळा. पण हा इतिहास वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की रस्ता आहे.

मागच्या भागातली एक गोष्ट आठवते का? एकोजीराजे तंजावरला स्थिरावले आणि एवढ्या लांबचं बेंगळुरू सांभाळणं जड झालं, म्हणून म्हैसूरच्या चिक्कदेवराजांशी तीन लाखांचा सौदा ठरत होता. सौदा पुरा व्हायच्या आत १६८७ मध्ये औरंगजेबाचा सरदार कासिमखान शहरात शिरला, आणि मग शहर म्हैसूरला मिळालं ते मोगलांकडून, पैसेही त्यांनाच. जहागीर कागदावर एकाची, किल्ल्या दुसऱ्याच्या हातात, आणि पैसे भरणारा तिसराच. शेजाऱ्यांच्या नावाचं हुबेहूब हेच झालेलं होतं. फक्त इथे किल्ल्या घेऊन बसलेला झोपलेला होता.

तर आम्ही काय केलं ते सांगतो.

पहिलं काम टेहळणीचं. नोंदीची माहिती इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. २०१८ पासून युरोपातल्या खासगीपणाच्या कायद्यामुळे धन्याचं नाव बहुधा झाकलेलं असतं, पण रजिस्ट्रारचं नाव आणि तक्रारीचा पत्ता उघडा असतो. तिथे कळलं की खरा रजिस्ट्रार परदेशातली भलतीच कंपनी आहे. तिला पत्र लिहिलं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. यंत्राने उत्तर दिलं की पासवर्ड बदलण्याचा दुवा तुमच्या नोंदवलेल्या ईमेलवर पाठवला आहे. आणि नोंदवलेला ईमेल कुठला? त्याच बंद पडलेल्या नावावरचा! घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखं. त्या दिवशी शेजारी पहिल्यांदा हसले, पण ते हसणं बरं नव्हतं.

दुसरं, नोंद त्या वेबसाइट करणाऱ्या मुलाच्या नावे असावी अशी शंका होती. तो आता कॅनडात. त्याच्या आईचं घर शेजारच्या श्रीनगरात, शेजाऱ्यांच्या घरच्या आजी तिला देवळात भेटतात. आजींनीच नंबर मिळवला. त्याने जुने ईमेल शोधले आणि त्यात २०१० ची पावती सापडली. धनी म्हणून त्याचंच नाव. बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, अर्ज भरताना स्वतःचं नाव टाकलं आणि विसरला. त्याने लगेच सही करून पत्र दिलं की हे नाव मी अमुक कारखान्यासाठी घेतलं, हक्क त्यांचा. हाच माणूस लोभी निघाला असता तर मी आज हा भाग वेगळ्या सुरात सांगत असतो.

तिसरं, पुरावा. पावती, त्याचं पत्र, तेरा वर्षं पैसे भरल्याच्या बॅंकेच्या नोंदी, व्यापारचिन्हाचं प्रमाणपत्र, जीएसटीचा कागद. सगळं एका पानाच्या तारीखवार निवेदनाबरोबर जोडलं. भावना नाही, शिव्या नाहीत, कुठल्या दिवशी कुणाला काय विचारलं आणि काय उत्तर आलं, एवढंच. हे मात्र मला येतं, चाळीस वर्षं तेच केलं. हे रजिस्ट्रारला पाठवलं, आणि त्यात एक वाक्य घातलं. नाव दुसरीकडे हलवायचा संकेतांक मागितल्यापासून पाच दिवसांत देणं आयकॅनच्या नियमाप्रमाणे तुमच्यावर बंधनकारक आहे. सहाव्या दिवशी तेच कागद लावून आयकॅनकडे तक्रार नोंदवली. तिला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. बहुतेकांना ती सोय आहे हेच ठाऊक नसतं. आयकॅन तुम्हाला नाव मिळवून देत नाही हे लक्षात ठेवा, ती रजिस्ट्रारला विचारते की करार का पाळला नाहीस. पण ज्याच्या परवान्यावर पोट आहे त्याने विचारलं की झोप उडते.

चौथं, आणि हे शेजाऱ्यांच्या मुलीने सुचवलं, निकालाची वाट न पाहता दुसरं नाव घेतलं. डॉट इन, कारखान्याच्या नावाने, कारखान्याच्या पैशाने. सगळ्या जुन्या व्यापाऱ्यांना फोन केले. दरबानच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला फोनवर पटेना, त्याला वाटलं कुणी ठग बोलतोय. शेवटी आजींनी फोन घेतला आणि त्याच्या बायकोची चौकशी केली, तेव्हा त्याचा विश्वास बसला.

मुदत संपल्याच्या एकतिसाव्या दिवशी परदेशी रजिस्ट्रारकडून चार ओळींचं पत्र आलं. क्षमा वगैरे काही नाही. संकेतांक होता. त्याच रात्री नाव नव्या रजिस्ट्रारकडे हलवायला टाकलं, सहा दिवसांत आलं. या खेपेस धनी म्हणून कारखान्याचं नाव, ईमेल वेगळ्याच ठिकाणचा, आणि मुदत एकदम नऊ वर्षांची. जुन्या टपालपेट्यांतली पत्रं मात्र परत मिळाली नाहीत. ती ओट्यावरच्या माणसाच्या संगणकावर होती, आणि त्याचा आजतागायत पत्ता नाही. तेरा वर्षांचा पत्रव्यवहार गेला. आखातातली एक मोठी मागणी त्या महिन्यात दुसऱ्याकडे गेली तीही आलेली नाही.

परवा शेजारी पुन्हा आले. हातात मोबाइल, चेहऱ्यावर विचित्र भाव. त्या जुन्या, फोन न उचलणाऱ्या कंपनीकडून यंत्राने पाठवलेलं पत्र होतं. प्रिय ग्राहक, आपल्या नावाची मुदत लवकरच संपत आहे, सेवा अखंड राहावी म्हणून आजच पैसे भरा. त्यांनी मला विचारलं, "काय करू सर, भरू?" आणि आजी आतून कानडीत काहीतरी म्हणाल्या, ते मी इथे सांगत नाही.

पुढच्या वेळी टिपूचा महाल, नक्की.